खलिफाचा प्रश्न, कवीचं उत्तर



स्मृतिव्याख्यानाला उभं राहणाऱ्यानं आपल्या मनाच्या जवळचा विषय घ्यावा, असं मी मानतो. म्हणून आज थोडा दूरचा वाटेल असा विषय घेऊन आलो आहे: मध्ययुगीन युरोपातल्या ख्रिस्ती राजदरबारांचं साहित्य आणि त्यावर पडलेला अरबी तत्त्वज्ञानाचा ठसा. हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. वाटेत आपल्या ओळखीच्या एक-दोन गोष्टीही भेटतील.

सुरुवात एका दरबारातूनच करू. इ.स. ११६९च्या सुमाराची हकिकत आहे. उत्तर आफ्रिका आणि दक्षिण स्पेनवर मुवाहिद घराण्याचं राज्य आहे आणि गादीवर खलिफा अबू याकूब युसूफ आहे. त्याच्या पदरी इब्न तुफैल नावाचा वैद्य आहे, जो स्वतःही तत्त्वज्ञ आहे. त्यानं कोर्दोबाच्या एका विद्वानाला खलिफापुढे आणलं. हा विद्वान म्हणजे काझींच्या घराण्यातला, चाळिशी ओलांडलेला इब्न रश्द. नाव, गाव, कूळ विचारून झालं आणि खलिफानं एकदम विचारलं, आकाशाबद्दल तत्त्वज्ञ काय म्हणतात? ते अनादी आहे, की कधी काळी निर्माण झालेलं?

इब्न रश्द घाबरला. का घाबरणार नाही? विश्व अनादी म्हणावं, तर ईश्वरानं ते निर्माण केलं या श्रद्धेला धक्का. निर्माण झालेलं म्हणावं, तर ज्या ॲरिस्टॉटलवर आयुष्य वाहिलं त्याच्याशी प्रतारणा. आपण तत्त्वज्ञान शिकलोच नाही, असं त्यानं सांगून टाकलं. खलिफानं त्याची भीती ओळखली. तो इब्न तुफैलकडे वळला आणि त्याच प्रश्नावर स्वतः बोलू लागला. प्लेटो काय म्हणतो, ॲरिस्टॉटल काय म्हणतो, धर्मशास्त्र्यांचे आक्षेप कोणते, हे सगळं. तेव्हा कुठे इब्न रश्दाची जीभ मोकळी झाली. निघताना त्याला धन मिळालं, मानाची वस्त्रं मिळाली, वाहन मिळालं. पुढे याच खलिफानं, ॲरिस्टॉटल फार दुर्बोध आहे, कोणी तो उलगडून सांगेल तर बरं, अशी इच्छा बोलून दाखवली. इब्न तुफैलनं स्वतःच्या वयाकडे पाहून ते काम इब्न रश्दावर सोपवलं. ज्या भाष्यांनी पुढची तीनशे वर्षं युरोपची विद्यापीठं ढवळून काढली, त्यांची सुरुवात अशी एका राजाच्या कुतूहलातून झाली.

अरबांनी ग्रीकांचा ठेवा जपला आणि वेळ आल्यावर युरोपला परत केला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. वाक्य कौतुकाचं आहे, पण त्यात मोठा अन्याय आहे. ठेव सांभाळणारा ती उघडून बघत नाही, तिच्याशी भांडत नाही, तिच्यात भर घालत नाही. फाराबी, इब्न सीना, इब्न रश्द या तत्त्वज्ञांनी हे सगळं केलं. त्यांनी नवे प्रश्न विचारले, आणि ख्रिस्ती दरबारांतले कवी आणि कथाकार त्या प्रश्नांना उत्तरं देत राहिले. मला आज एवढंच सांगायचं आहे, पण ते तपशिलानं सांगायचं आहे.

हा प्रश्नांचा प्रवास झाला कसा?

१०८५ साली कास्तीलच्या राजानं, सहाव्या आल्फोन्सोनं, तोलेदो शहर घेतलं. शहराबरोबर अरबी ग्रंथ आले, अरबी बोलणारे ख्रिस्ती आले, ज्यू विद्वान आले, मुसलमान रहिवासी आले. पुढच्या शतकात तिथे भाषांतराचं काम जोरात सुरू झालं. इब्न सीनाचा आत्म्यावरचा ग्रंथ लॅटिनमध्ये कसा आला, हे त्याच्या प्रस्तावनेतच नोंदवलेलं आहे. इब्न दाऊद नावाचा ज्यू विद्वान अरबी वाक्य वाचून बोलीभाषेत एकेक शब्द सांगे आणि दोमिनिकुस गुंदिसाल्वुस हा पाद्री तो ऐकून लॅटिनमध्ये उतरवी. मुसलमान तत्त्वज्ञाचा ग्रंथ ज्यू विद्वानाच्या तोंडून ख्रिस्ती पाद्र्याच्या लेखणीत उतरला, आणि मधला पूल होता बाजारात बोलली जाणारी भाषा! इटलीतून क्रेमोनाचा जेरार्द टॉलेमीचा खगोलग्रंथ शोधत इथे आला आणि ११८७ साली मरेपर्यंत सत्तराहून अधिक अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणून गेला.

त्या आत्म्यावरच्या ग्रंथात काय होतं? इब्न सीनानं मनाच्या आतल्या शक्तींचा नकाशाच काढला होता. डोळ्यांनी पाहिलेली वस्तू दूर गेली तरी तिची प्रतिमा जपून ठेवणारी एक शक्ती. त्या प्रतिमा जोडणारी, तोडणारी दुसरी. आणि तिसरी, त्याची स्वतःची मोठी भर: इंद्रियांना न दिसणारा अर्थ ओळखणारी शक्ती. मेंढीला लांडग्याचा रंग दिसतो, आकार दिसतो, पण त्याचं वैर कुठे दिसतं? तरी ती पळते. हे वैर जिला कळतं, ती ही शक्ती. आणि प्रेमाबद्दल? आपल्या वैद्यकग्रंथात तो प्रेमाला मनाचा विकार मानतो. मनात एकाच प्रतिमेचा ध्यास धरल्यानं तो जडतो. रोगी नाव सांगत नसेल, तर त्याच्या नाडीवर बोट ठेवावं आणि एकेक नाव घेत जावं. ज्या नावाला नाडी चुकेल, ती त्याची प्रेयसी.

श्रोतेहो, कवींना याहून अधिक काय हवं होतं?

आता सिसिलीत जाऊ. तिथे सम्राट दुसरा फ्रेडरिक राज्य करतो आहे. जन्म ११९४, मृत्यू १२५०. पोपनं ज्याला पुन्हा पुन्हा बहिष्कृत केलं आणि ज्यानं लढाई न करता, इजिप्तच्या सुलतानाशी तह करून जेरुसलेम मिळवलं, तो हा राजा. मायकल स्कॉट हा भाषांतरकार तोलेदोहून पुढे त्याच्या पदरी आला. इब्न रश्दाची भाष्यं लॅटिनमध्ये आणण्यात त्याचा मोठा वाटा आहे, आणि इब्न सीनाचा प्राण्यांवरचा ग्रंथ त्यानं सम्राटालाच अर्पण केला. याकोब अनातोली हा ज्यू विद्वान नेपल्समध्ये त्याच इब्न रश्दाला हिब्रूत आणत होता. आणि १२४०च्या सुमाराला फ्रेडरिकनं मुसलमान जगातल्या विद्वानांकडे काही प्रश्न पाठवले, असं अरबी परंपरा सांगते. सेउटा इथल्या इब्न सबीननं त्यांना दिलेली उत्तरं आज उपलब्ध आहेत. उत्तरं कडक आहेत. सम्राटाला प्रश्न नीट मांडता येत नाही, हे सांगायलाही तो कचरत नाही. आणि त्यातला एक प्रश्न कोणता? विश्व अनादी आहे का?

तोच प्रश्न. मुवाहिद खलिफानं विचारला होता, तोच. सत्तर वर्षांनी, समुद्रापलीकडून, ख्रिस्ती सम्राट तोच विचारतो आहे. मठात तो विचारला असता, तर विचारणाऱ्याची चौकशी झाली असती. दरबारात राजा विचारतो, त्यामुळे उत्तर देणाऱ्याला थोडा वेळ तरी अभय असतं. तत्त्वज्ञानाला दरबाराची गरज होती ती यासाठी.

या दरबारात कविता कोण लिहीत होतं? न्यायाधीश, कारकून, मसुदे करणारे अधिकारी. चौदा ओळींच्या सुनीताचा जनक मानला जाणारा जाकोमो दा लेंतिनी हा दरबारचा नोटरी होता. त्याची, याकोपो मोस्ताच्चीची आणि सम्राटाचा उजवा हात असलेल्या पिएर देल्ला विन्याची सुनीतांमधून रंगलेली एक सवालजबाबी आहे. विषय काय? जे डोळ्यांना दिसत नाही, ते प्रेम अस्तित्वात आहे असं म्हणता येईल का? ते स्वतंत्र पदार्थ आहे, की माणसाची एक अवस्था? एक म्हणतो, दिसत नाही ते मानायचं कसं? दुसरा म्हणतो, लोहचुंबकाची ओढ तरी कुठे दिसते? तिसरा सांगतो की डोळे प्रतिमा आत आणतात आणि हृदय तिला पोसतं. प्रेमकविता म्हणजे आर्जव आणि विरह, हे आपण गृहीत धरतो. इथे तीन सरकारी अधिकारी प्रेमावर तर्कशास्त्राची सभा भरवतात. युरोपच्या पहिल्या सुनीतांत असा वाद आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

या वादाचं टोक गाठलं फ्लॉरेन्सच्या गुइदो काव्हालकान्तीनं. तो दरबारी नव्हता, नगरराज्यातला सरदार होता. पण कवितेचा वारसा सिसिलीच्या दरबारातून आलेला. प्रेमाची व्याख्या करणारी एक दीर्घ, अवघड कविता त्यानं लिहिली. ती समजण्यासाठी इब्न रश्दाचं एक मत माहीत असायला हवं. इब्न रश्द म्हणतो, विचार ग्रहण करणारी बुद्धी सगळ्या मानवजातीत मिळून एकच आहे. मग तुमचं-माझं वेगळेपण कशात? प्रतिमांत, स्मृतीत, वासनेत, देहाशी बांधलेल्या शक्तींत. आता प्रेम कुठे राहतं? काव्हालकान्ती सांगतो: स्मृतीच्या भागात, देहाच्या बाजूला. बुद्धीच्या प्रकाशात त्याला जागा नाही. म्हणून ते आंधळं, म्हणून ते विवेक हिरावून नेतं, म्हणून त्यात मरणाची सावली. याच मताच्या एका विचारवंतानं, जाकोमो दा पिस्तोयानं, परमसुखावरचा आपला निबंध याच कवीला अर्पण केला आहे. आणि दिनो देल गार्बो या वैद्यानं या कवितेवर लॅटिनमध्ये भाष्य लिहिलं. एका वैद्याला प्रेमकवितेवर भाष्य लिहावंसं वाटलं, यातच तिचं मूळ कुठलं ते कळतं.

आता एक तारीख लक्षात ठेवा. ७ मार्च १२७७. पॅरिसचा बिशप एतिएन ताँपिए यानं २१९ विधानं निषिद्ध ठरवली. विश्व अनादी आहे, हे निषिद्ध. सगळ्या माणसांची बुद्धी एक आहे, हे निषिद्ध. सुख याच जन्मात मिळतं, हे निषिद्ध. तत्त्वचिंतनाहून श्रेष्ठ जीवन नाही, हे निषिद्ध. रोख अरबी भाष्यांमधून ॲरिस्टॉटल शिकवणाऱ्यांवर होता. पण त्याच आज्ञापत्राच्या प्रारंभी आणखी एका पुस्तकाचा निषेध आहे. आन्द्रेआस कापेलानुस यानं बाराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या प्रेमशास्त्राच्या पुस्तकाचा! शाँपान्यच्या दरबारी वर्तुळातलं हे पुस्तक. काझीची भाष्यं आणि सरदारांचं प्रेमशास्त्र बिशपाला एकाच कागदावर का घ्यावंसं वाटलं? मला वाटतं, त्याला धोका बरोबर कळला होता. दोन्हीकडे माणूस स्वतःच्या सुखाचा विचार चर्चच्या परवानगीशिवाय करू लागला होता.

आता स्पेनकडे परत येऊ. इथे आपल्या ओळखीच्या गोष्टी भेटतात. १२५१ साली, गादीवर बसण्याच्या एक वर्ष आधी, राजपुत्र आल्फोन्सोनं, पुढचा दहावा आल्फोन्सो, ‘कलीला व दिम्ना’ अरबीतून कास्तीलच्या बोलीत आणवलं. म्हणजे आपलं पंचतंत्र. करटक आणि दमनक हे दोन कोल्हे सहाव्या शतकात बुर्झो या वैद्याबरोबर इराणात गेले, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं त्यांना अरबीत आणलं आणि तिथून ते स्पेनच्या राजवाड्यात पोचले. वाटेत या पुस्तकात एक प्रकरण जोडलं गेलं, बुर्झोचं आत्मकथन. तो सांगतो, मी सगळे धर्म तपासले. प्रत्येक जण आपलाच खरा म्हणतो, पण पुरावा कोणीच देत नाही. शेवटी जे सगळ्यांनाच चांगलं वाटतं, तेवढं आचरायचं मी ठरवलं. हे प्रकरण कास्तीलच्या ख्रिस्ती दरबारात वाचलं जात होतं! त्यातच तो विहिरीत लोंबकळणाऱ्या माणसाचा दृष्टान्त येतो. वर संकट, खाली सर्प, आधाराची फांदी कुरतडणारे काळे-पांढरे उंदीर, आणि तो मात्र मधाचे थेंब चाटण्यात गुंग. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला सांगतो, तोच हा दृष्टान्त.

या आल्फोन्सोचं आणखी एक पुस्तक आहे, १२८३चं, बुद्धिबळ, फासे आणि सोंगट्या यांवरचं. त्याच्या आरंभी भारतातल्या एका राजाची कथा येते. बुद्धी श्रेष्ठ की दैव, असं तो तीन शहाण्यांना विचारतो. पहिला बुद्धीच्या बाजूचा. तो बुद्धिबळ आणतो. दुसरा दैवाच्या बाजूचा. तो फासे आणतो. तिसरा म्हणतो, दोन्ही लागतात, आणि तो सोंगट्यांचा पट मांडतो. माणूस किती मोकळा आणि किती बांधलेला, हा केवढा गहन वाद. तो इथे खेळाच्या पुस्तकाचा उंबरठा झाला आहे. आल्फोन्सोचा पुतण्या हुआन मान्युएल यानं १३३५ साली एक सरदार आणि त्याचा सल्लागार यांच्या संवादांतून गोष्टी सांगणारं पुस्तक पूर्ण केलं, तेव्हा हीच घडण त्याच्या हाताशी होती. त्यातल्या सेव्हिलच्या मुतमिद राजाच्या गोष्टीत तर एक अरबी वाक्य जसंच्या तसं ठेवलेलं आहे.

पण श्रोतेहो, या दरबारांचं चित्र गोड करून मांडणं मला मान्य नाही. फ्रेडरिकनं सिसिलीतले मुसलमान त्यांच्या गावांतून उठवून लुचेरा इथे नेऊन बसवले. आल्फोन्सोच्या राज्यात १२६४ साली मुसलमान प्रजेचा उठाव झाला, आणि तो मोडल्यावर कित्येक गावं त्यांना सोडावी लागली. इब्न रश्दाला त्याच्याच खलिफाच्या मुलानं ११९५ साली लुसेनाला हद्दपार केलं. त्याचे ग्रंथ जाळले गेले. आणि आणखी एक घटना मला फार अस्वस्थ करते. आल्फोन्सोचा भाऊ फाद्रिके यानं १२५३ साली ‘सेंदेबार’ हा कथासंग्रह अरबीतून आणवला. त्यात राजा खोट्या आरोपावरून मुलाला मारायला निघतो आणि शहाणी माणसं रोज गोष्ट सांगून शिक्षा एकेक दिवस पुढे ढकलतात. घाईनं कोणाचा जीव घेऊ नये, एवढंच ते पुस्तक सांगतं. १२७७ साली आल्फोन्सोनं फाद्रिकेला रीतसर खटला न चालवता ठार मारलं. ज्या घरात ते पुस्तक भाषांतरित झालं, त्याच घरात हे घडलं.

आता इटालियन कवी दान्ते. त्याच्याविषयी बोलताना साम्य आणि प्रभाव या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. इब्न हज्मनं १०२२च्या सुमाराला प्रेमावर जे पुस्तक लिहिलं, त्यात आणि फ्रान्सच्या त्रुबादूर कवींत किती तरी साम्य दिसतं. पण त्या पुस्तकाचं मध्ययुगीन लॅटिन भाषांतर नाही, आज एकच हस्तलिखित शिल्लक आहे. तिथे मी प्रभाव म्हणणार नाही. रस्ता दाखवता आला पाहिजे. १९१९ साली मिगेल आसीन पालासिओस या स्पॅनिश पाद्र्यानं, दान्तेच्या काव्यातल्या परलोकयात्रेत प्रेषित मुहम्मदाच्या मेराजच्या, म्हणजे स्वर्गारोहणाच्या, कथांचा अंश आहे असं मांडलं, तेव्हा मोठं वादळ उठलं. कारण रस्ता दिसत नव्हता. १९४९ साली तो दिसला. आल्फोन्सोच्या आज्ञेवरून अब्राहम या ज्यू वैद्यानं मेराजची कथा कास्तीलच्या बोलीत आणली होती, आणि १२६४ साली सिएनाच्या बोनाव्हेंतुरानं ती लॅटिनमध्ये आणि फ्रेंचमध्ये नेली. ही भाषांतरं त्या वर्षी छापून आली. दान्तेनं ज्याला गुरू मानलं तो ब्रुनेत्तो लातिनी १२६० साली आल्फोन्सोच्या दरबारात वकील म्हणून गेला होता. रस्ता होता, एवढं नक्की. दान्ते त्यावरून चालला की नाही, यावर आजही वाद आहे आणि तो असू द्यावा.

तत्त्वज्ञानाच्या बाबतीत मात्र वादाला जागा नाही, कारण दान्ते स्वतः नावं घेतो. नरकाच्या पहिल्या वर्तुळात, जिथे यातना नाहीत तिथे, तो इब्न सीना आणि इब्न रश्द यांना ॲरिस्टॉटल-प्लेटोच्या बैठकीत बसवतो. शुद्धिलोकात तो इब्न रश्दाचं एका बुद्धीचं मत नाकारतो, पण नाकारताना त्याला आपल्याहून शहाणा म्हणवून घेतो. आणि स्वर्गात? पॅरिसमध्ये इब्न रश्दाच्या वाटेनं जाणारा, ज्याच्यावर १२७७चा घाव पडला, त्या ब्राबाँच्या सीजेरला तो ज्ञान्यांच्या मंडलात बसवतो आणि त्याची स्तुती वदवतो ती त्याचा विरोधक थॉमस अक्वायनस याच्या तोंडून.

त्याहून धाडसी गोष्ट त्यानं राजसत्तेवरच्या ग्रंथात केली. मानवजातीची बुद्धी पूर्ण फुलायची असेल, तर ते एका माणसाच्या किंवा एका गावाच्या हातून होणार नाही. सगळी माणसं मिळून ते होईल. त्यासाठी जगात शांतता हवी आणि शांततेसाठी पोपच्या हाताखाली नसलेला सम्राट हवा. आणि साक्षीला तो उघडपणे इब्न रश्दाचं नाव घेतो. मुसलमान काझीच्या आत्मविचारातून ख्रिस्ती कवी राज्यशास्त्राचा सिद्धान्त काढतो! याला ठेव परत करणं म्हणायचं? १३२९च्या सुमाराला एका कार्डिनलनं तो ग्रंथ जाळवला आणि गुइदो व्हेर्नानी या धर्मशास्त्र्यानं त्याच्यावर खंडन लिहून याच मतावर बोट ठेवलं.

वेळ होत आला आहे, आणि एक पुस्तक राहिलं आहे. अकराव्या शतकाच्या मध्यात कैरोत मुबश्शिर इब्न फातिक नावाचा अमीर होऊन गेला. त्यानं प्राचीन तत्त्वज्ञांची चरित्रं आणि वचनं एकत्र केली. तो इतका ग्रंथांत बुडालेला असे, की तो गेल्यावर बायकोनं रडता रडता त्याचे ग्रंथ अंगणातल्या हौदात टाकले, असं सांगतात. ते वचनांचं पुस्तक तेराव्या शतकात स्पेनमध्ये आलं, मग लॅटिनमध्ये, मग पॅरिसच्या दरबारी वर्तुळात फ्रेंचमध्ये. १४७३ साली इंग्लंडच्या राणीचा भाऊ, अर्ल रिव्हर्स, सान्तियागोच्या यात्रेला जहाजानं निघाला असताना सोबत्यानं ते त्याच्या हाती दिलं. परतल्यावर राजानं त्याच्यावर युवराजाच्या शिक्षणाची जबाबदारी टाकली, आणि त्यानं ते इंग्रजीत आणलं. १८ नोव्हेंबर १४७७ रोजी विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला ते छापून पूर्ण केलं. इंग्लंडमध्ये छापलेलं, तारीख असलेलं हे पहिलं पुस्तक. रिव्हर्सनं सॉक्रेटिसची स्त्रियांविषयीची काही वचनं गाळली होती. कॅक्स्टननं ती शोधून शेवटी पुन्हा जोडली. कैरोच्या अमिरानं जमवलेली वचनं कोणती ठेवायची आणि कोणती गाळायची, यावर इंग्लंडचा एक सरदार आणि त्याचा छापणारा असे विचार करत होते.